मोती तलावाकाठी तात्यांचा हिवाळा

मध्यरात्री दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसची वाट पाहत फलाटावर बसलेल्या माणसांकडे कधी नीट पाहावे. चाळिशी-पन्नाशीतला मुलगा किंवा सून, सोबत ऐंशीच्या घरातले वडील किंवा आई, एक जुनी सुटकेस आणि त्या सुटकेसपेक्षाही जपून धरलेली औषधांची पिशवी, असे एखादे तरी कुटुंब तेथे आढळते. ही मंडळी सहलीला निघालेली नसतात. लालबाग, परळ, गिरगाव, दादर येथे पन्नास-साठ वर्षे काढलेला माणूस गावी परत निघालेला असतो. तो दोन महिन्यांसाठी चालला आहे की कायमचा, हे पुष्कळदा त्या कुटुंबानेही ठरवलेले नसते.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्या फलाटावर आम्ही होतो. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणतो, सतरा वर्षांचे असताना, म्हणजे १९६१ साली, वेंगुर्ल्याहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले. लालबागेत गावकऱ्यांच्या खोलीवर राहून त्यांनी गिरणीत बदली कामगार म्हणून सुरुवात केली आणि पुढे साचेखात्यात कायम झाले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाने ती नोकरी नेली. नंतरची वर्षे पहारेकऱ्याची नोकरी करत, मुलांची शिक्षणे उरकत गेली. चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आज आम्ही पाच माणसे राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. तात्यांचे गुडघे झिजलेले आहेत आणि तीन वर्षांपूर्वी हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती कमी झाल्याचे निदान झाले आहे. दहा मिनिटांच्या अंतरावर परळची मोठी रुग्णालये आहेत. १९२६ सालचे केईएम, १९४१ सालचे टाटा, मुलांसाठीचे वाडिया. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक येथे येऊन पदपथावर पथारी टाकतात. इतके असूनही गेल्या पावसाळ्यात तात्या सलग एकोणचाळीस दिवस जिना उतरले नव्हते. एकोणचाळीस हा आकडा मला ठाऊक आहे, कारण तो त्यांनीच मोजला होता.

एके दिवशी ते एवढेच म्हणाले, ‘‘माका एकदा तळ्यार फिराक व्हया.’’

तळे म्हणजे सावंतवाडीचा मोती तलाव. मुंबईपासून पाचशे किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाजवळ, नरेंद्र डोंगराच्या पायथ्याशी वसलेले हे लहानसे नगर. पूर्वी त्याला सुंदरवाडी म्हणत. २०११च्या जनगणनेत येथील वस्ती पंचवीस हजारांच्या आत होती. लालबाग-परळच्या काही मोजक्या रस्त्यांवर मिळून तेवढी माणसे सहज भरतील. सावंत-भोसले घराण्याचे हे संस्थान. जांभ्या दगडाचा राजवाडा आणि त्याच्या समोर हा तलाव. तो नैसर्गिक नव्हे. १८७४ साली तो बांधून काढला गेला, आणि तेव्हापासून बाजार, शाळा, न्यायालय, वाचनालय, सारे काही त्याच्या भोवतीने वाढत गेले. सावंतवाडीत कुठेही जायचे तर बहुधा तळ्यावरूनच जावे लागते.

वृद्धांच्या दृष्टीने या रचनेचे मोल मला तेथे राहिल्यावर कळले. तलावाच्या काठाने जवळजवळ सपाट वाट आहे. थकल्यावर टेकायला कठडा आहे, बसायला जागा आहेत. वाट गोल असल्यामुळे चालणाऱ्याला ‘आता परत किती चालायचे’ ही धास्ती राहत नाही. दमलेला माणूस जेथे थांबतो तेथून घर फारसे लांब नसते. आणि मुख्य म्हणजे वाटेत माणसे भेटतात. पहिल्या सकाळी तात्या काठी टेकत केशवसुत कट्ट्याजवळ पोहोचले, तेव्हा समोरून येणारे एक गृहस्थ थबकले आणि म्हणाले, ‘‘काय तात्यानू, बरे आसात मां? कधी इलास?’’ त्या दोघांची भेट अकरा वर्षांनी होत होती. लालबागेच्या जिन्यात शेजारी भेटत नाहीत असे नव्हे. पण जिना हा थांबण्याची जागा नसतो, आणि धाप लागलेल्या माणसाला बोलणे सुचत नाही.

पहिल्या आठवड्यात तात्यांनी तलावाची पाव फेरी मारली. दुसऱ्या आठवड्यात अर्धी. डिसेंबर संपता संपता ते सकाळी एक पूर्ण फेरी, मध्ये तीन वेळा बसून, पुरी करू लागले. गुडघे बरे झाले नव्हते. ते होणारही नव्हते. मात्र मांडीचे स्नायू वापरात आले, झोप सुधारली, आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहण्याची सवय गेली. दुपारी ते चितारआळीत जाऊन बसत. सावंतवाडीची लाकडी फळे-खेळणी सर्वांना ठाऊक असतात. येथली गंजिफा मात्र नव्या पिढीला माहीत नसते. लाखेचे रोगण दिलेली, हाताने रंगवलेली ही गोल पाने. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराची बारा, अशी एकशेवीस पाने असतात. कोणते पान पडले आणि कोणते अजून हातात आहे हे स्मरणात ठेवल्यावाचून हा खेळ खेळता येत नाही. राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला लयाला जाताना उचलून धरली, म्हणून ती आज पाहायला तरी मिळते. तात्यांना खेळ येत नव्हता. पाने कशी रंगवतात ते पाहायला मात्र त्यांना आवडे. सूत आणि साचा यांच्याशी आयुष्य गेलेल्या माणसाला हातकामाची पारख असते.

येथवर वाचून एखादा वाचक मनात तिकिटाची तारीख ठरवू लागला असेल, तर त्याने पुढचा भाग अवश्य वाचावा.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तात्या अंथरुणावर उठून बसले. आडवे झाले की श्वास कोंडत होता. पायांवर सूज होती, आणि ती चार-पाच दिवसांपासून वाढत असावी; पायमोज्याची रेघ घोट्यावर खोल उमटली होती, पण थंडी म्हणून मोजे कोणी काढून पाहिले नव्हते. नवरा मुंबईत. घरात मी, चुलत दीर आणि जाऊबाई. १०८ला फोन केला, गाडी आली आणि गावातल्याच रुग्णालयात त्या रात्रीपुरते निभावले. प्राणवायू लावला, लघवीवाटे पाणी काढणारे इंजेक्शन दिले, पहाटेपर्यंत श्वास सावरला. तेथल्या तरुण डॉक्टरांनी सकाळी मला एकच प्रश्न विचारला: ‘‘हे जेवतात काय?’’

मी सांगू लागले आणि सांगता सांगता माझे मलाच उमगत गेले. सकाळी उकड्या तांदळाची पेज, ती उत्तम. पण पेजेबरोबर खारातला आंबा, नाहीतर खारवलेली मिरची. दुपारी आमटीबरोबर भाजलेला सुका बांगडा. रात्री कुळथाची पिठी, तोंडी लावायला सुकट आणि पापड. गावी आलेल्या माणसाला, तेही वर्षांनी आलेल्या, कोणी अळणी वाढत नाही. जो येईल तो लोणच्याची बरणी घेऊन येई. मुंबईत मी मोजून मीठ घालत असे. येथे स्वयंपाकघर माझे नव्हते आणि पाहुणी म्हणून बोलायला जड जात होते. तात्यांच्या दुबळ्या हृदयावर आठ आठवडे मिठाचा मारा होत होता. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, ते पाणी आधी पायांत आणि मग फुप्फुसांत साचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढानेही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. सुक्या मासळीचा एखादा मोठा तुकडा आणि लोणच्याच्या दोन फोडी यांतच त्यातले बरेचसे संपते.

तळ्याने दिलेले ताटाने काढून घेतले, असे मला त्या सकाळी वाटले. त्या वेळी आठवण झाली ती एका दूरच्या तळ्याची. काही वर्षांपूर्वी, दीर्घायुषी लोकांविषयी वाचताना, मी जपानमधील नागानो प्रांताची माहिती जमवली होती. डोंगराळ प्रदेश, त्यात सुवा नावाचे सरोवर, आणि काठावर शिमोसुवा हे लहानसे नगर. जुन्या राजमार्गावरचा मुक्काम, गरम पाण्याचे झरे आणि सार्वजनिक स्नानगृहे, प्राचीन देवस्थान. लालबागकरांना जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे या सरोवराच्या काठी एके काळी रेशमाच्या गिरण्या होत्या आणि डोंगरापलीकडच्या खेड्यांतून कोवळ्या वयाच्या मुली तेथे कामाला येत. त्या गिरण्याही गेल्या.

आज नागानो जपानमधील दीर्घायुषी प्रांतांत गणला जातो. २०१० सालच्या आकडेवारीत तेथील पुरुषांचे सरासरी आयुर्मान ८०.८८ वर्षे आणि स्त्रियांचे ८७.१८ वर्षे होते. त्या वर्षी दोन्हींत तो देशात पहिला होता. कोणी म्हणेल, डोंगराची हवा, सरोवर, झरे! परंतु हवा तीच, झरे तेच असताना १९६०-७०च्या दशकांत हाच प्रांत पक्षाघाताच्या मृत्यूंसाठी कुप्रसिद्ध होता. लांबलचक हिवाळा, त्यासाठी मिठात मुरवलेल्या भाज्या, दिवसातून अनेकदा खारट मिसो सूप. माणशी रोजचे मीठ पंधरा ग्रॅमच्या आसपास. १९८०च्या दशकाच्या आरंभी तेथे मीठ कमी करण्याची मोहीम निघाली आणि ती डॉक्टरांइतकीच गावातल्या बायकांनी चालवली. आरोग्य स्वयंसेविकांची प्रथा तेथे १९४५पासून आहे. त्या घरोघर जात, सूपचा खारटपणा उपकरणाने मोजत, आणि शेजारणीला तिच्याच स्वयंपाकघरात तो आकडा दाखवत. सूप बंद करा असे सांगितले नाही. त्यात भाज्या वाढवा, रस्सा थोडा घ्या, दिवसातल्या वाट्या कमी करा, असे सांगितले.

हे मी जाऊबाईंना सांगितले ते उपदेश म्हणून नव्हे. आम्ही दोघी त्या रात्री पुरत्या घाबरलो होतो आणि मला बोलायला काहीतरी हवे होते. त्या ऐकून घेत राहिल्या आणि मग उठून म्हणाल्या, ‘‘मगे आपण पण मोजूया.’’ उपकरण आमच्याकडे नव्हते. त्यांनी एक लहान डबी घेतली, तिच्यात तात्यांच्या वाट्याचे दिवसाचे मीठ डॉक्टरांनी सांगितले तेवढे सकाळीच काढून ठेवले. दिवसभरात तात्यांच्या पदार्थांत जे घालायचे ते त्याच डबीतून. डबी संपली की संपली. सुकी मासळी, खारातले आणि पापड त्यांच्या ताटातून गेले. भिजवल्याने सुक्या मासळीतले मीठ काही प्रमाणात निघते, पण हृदयाच्या रोग्याला तेवढे पुरेसे नसते. त्याऐवजी ताज्या बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले आले, आमसुलाची आणि ओल्या नारळाची सोलकढी बिनमिठाची आली, लिंबू आले. आंबट आणि तिखट यांनी जिभेला बरेच फसवता येते, हे मालवणी स्वयंपाकाला नव्याने शिकवायला नको. एक सावधगिरी मात्र सांगते. बाजारात मिळणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असते, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि हृदयाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये.

डॉक्टरांनी दुसरी गोष्ट लावून दिली ती वजनाची. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, साधारण सारख्याच कपड्यांत काट्यावर उभे राहायचे आणि वहीत आकडा लिहायचा. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोंनी वाढले तर ते मांस नव्हे, पाणी. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, सूज किंवा धाप यांची वाट पाहायची नाही. इतकी साधी गोष्ट मुंबईतही आम्हाला सांगितली गेली होती. आम्ही ती ऐकली आणि विसरलो होतो.

आता अंतराविषयी. सावंतवाडीत उपजिल्हा रुग्णालय आहे, चांगले खासगी डॉक्टर आहेत. ओरोसला जिल्ह्याचे रुग्णालय आहे. परंतु हृदयाच्या किंवा मेंदूच्या गंभीर आजारात येथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गोव्याचा रस्ता धरत आली आहेत. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, ज्याची परंपरा १८४२ सालच्या पोर्तुगीज वैद्यकशाळेपर्यंत जाते, येथून साठ-सत्तर किलोमीटरांवर आहे. म्हणजे केईएमचे दहा मिनिटांचे अंतर सोडून आपण किमान दीड तासाचे अंतर पत्करतो. ज्याला वारंवार डायलिसिस लागते, ज्याचा कर्करोगाचा उपचार चालू आहे, ज्याला नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याने तळ्याच्या ओढीने हा सौदा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इतरांनी करण्यापूर्वी गावातला एक डॉक्टर आधी ठरवावा, त्याला सर्व कागद दाखवावेत, आणि रात्री दोन वाजता गाडी कोण चालवील याचे नाव कागदावर लिहून ठेवावे. आमच्याकडे ते नाव लिहिलेले नव्हते. त्या रात्री रुग्णवाहिका आली, हे नशीब.

घराचेही तसेच. गावचे घर डोळ्यांत भरते, पण त्याचे उंबरे उंच असतात, न्हाणीघर मागीलदारी असते, तेथे जाताना जांभ्याच्या दोन पायऱ्या आणि त्यांवर शेवाळ. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ते शेवाळ कुठे जाणार! आम्ही न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, कमोडची खुर्ची आणली, रात्रभर जळणारा लहान दिवा लावला. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रीजमधल्या इन्सुलिनचे काय, वाफेच्या यंत्राचे काय, हेही आधी ठरवावे लागते. तात्यांनी बागेत जाऊन पातेरा गोळा करायचा हट्ट धरला, तो मात्र जाऊबाईंनीच मोडून काढला. २०१६पासून दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतील काही गावांत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे नेमका चाकरमानी गावी असतो त्या दिवसांत, त्याचा जोर असतो. पावसाळ्यात चिखलातून अनवाणी चालणाऱ्यांना लेप्टोचे भय. यामुळे घाबरून गावी जाऊ नये असे नाही. पण ताप आला तर ‘हवाबदल’ म्हणून अंगावर काढू नये.

या सगळ्यांत एक गोष्ट कोणी मोजत नाही, म्हणून मी ती येथे लिहिते. तात्या सावंतवाडीला गेले तेव्हा लालबागच्या खोलीत मला हलके वाटले. रात्री दोनदा उठणे नव्हते, औषधांच्या वेळा नव्हत्या. मी तेथे होते ते पहिला महिना आणि जानेवारीचे दहा दिवस. मधल्या काळात ते सारे जाऊबाईंवर पडले होते. त्यांचे वय साठ, त्यांच्या स्वतःच्या आईची शुश्रूषा नुकतीच संपलेली. ‘गावी माणसे असतात’ असे आपण म्हणतो तेव्हा ती माणसे म्हणजे बहुधा अशी एखादी बाई असते, आणि तिला कोणी विचारलेले नसते. आम्ही फेब्रुवारीत प्रथमच समोरासमोर बसून बोललो. संकोच दोन्हीकडे होता. दरमहा ठरावीक रक्कम गावी पाठवायची, सकाळच्या वेळी एका मदतनीस बाईंना पगारी ठेवायचे, आणि आठ आठवड्यांनी मुंबईचे कोणीतरी येऊन पंधरा दिवस जाऊबाईंना मोकळीक द्यायची, असे ठरले. तात्यांना हे बोलणे आवडले नाही. घरच्या माणसांत पैशाची भाषा कशाला, असे त्यांचे म्हणणे. जाऊबाई मात्र गप्प राहिल्या, आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ मला कळला.

तात्या शिमग्यापर्यंत तेथे राहिले. मार्चमध्ये परळला तपासणी झाली; औषध थोडे बदलले. पावसाळा त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच काढला, कारण गावच्या निसरड्या पायऱ्यांपेक्षा चाळीचा जिना बरा, असा आम्ही सर्वांनी मिळून निर्णय घेतला. आठवड्यातून दोनदा मुलगा त्यांना धरून खाली नेतो. गणपतीलाही या वर्षी ते गावी गेले नाहीत, याचे त्यांना फार वाईट वाटले.

सुवा सरोवराविषयी आणखी एक माहिती मी त्यांना त्या दिवसांत सांगितली होती. कडक थंडीत ते सरोवर गोठले की बर्फाला मोठी भेग पडून उंच कड उभी राहते. ती कधी पडली याची नोंद तेथील देवस्थानाचे पुजारी १४४३ सालापासून ठेवत आले आहेत. अलीकडे पाणी क्वचितच तसे गोठते. तरी ते दर हिवाळ्यात काठावर जाऊन पाहतात आणि ‘पडली नाही’ असे लिहितात. तात्यांना ही गोष्ट फारच पटली. त्यांच्या वहीत आता दोन रकाने आहेत. डावीकडे वजन. उजवीकडे सावंतवाडीत असताना तळ्याच्या फेऱ्या, आणि लालबागेत असताना उतरलेले मजले. ज्या दिवशी काहीच होत नाही त्या दिवशी ते शून्य लिहितात. रकाना मोकळा सोडत नाहीत.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचे तिकीट काढले आहे. खालचा बर्थ मिळाला आहे. वजनकाटा या खेपेला औषधांच्या पिशवीतच ठेवायचा, असे त्यांनी मला दोनदा बजावले आहे.